सात नंबरची हाक

नवा ड्रायव्हर पहिल्या दिवशी डेपोत शिरला आणि त्यानं खिडकीतल्या टाइमकीपरला विचारलं, "सात नंबरची गाडी कुठं लावता हो?" प्रश्न साधाच होता. पण शेवटचा 'हो' त्यानं इतका लांबवला, की आत हजेरी लिहिणाऱ्या दोघांनी माना वर केल्या, एकमेकांकडे बघितलं आणि माना पुन्हा खाली घातल्या. टाइमकीपरनं पेनानं गाडी दाखवली आणि म्हणाला, "त्या कोपऱ्यात, पाहुणे."

हजेरीपटावर त्याचं नाव व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी पुढं कुणी घेतली नाही. दुपारच्या चहापर्यंत तो सगळ्या डेपोचा 'पाहुणे' झाला होता.

तो ज्या भागातून आला होता तिकडे बोलणं शेवटाला उचलून धरायची सवय होती. साधं 'जेवलो' म्हणायचं तरी ते समोरच्या टेकडीवरच्या माणसाला सांगितल्यासारखं. इथली माणसं मात्र शिंप्यानं दातानं दोरा तोडावा तशी वाक्यं तोडायची. पुढच्या वाक्याला सुरुवात करायची घाई म्हणून नव्हे. बहुतेक वेळा पुढचं वाक्य नसायचंच.

इथं यायची हौस त्याला नव्हती, गरज होती. बायको इथल्या मोठ्या दवाखान्याच्या तपासणी विभागात लागून तीन वर्षं झाली होती. मुलगी तिच्याजवळ. हा महिन्यातून दोनदा यायचा, दोन रात्री राहायचा आणि मुलीला नीट ओळख पटेपर्यंत परत निघायचा. तीन अर्ज फेटाळले गेल्यावर चौथ्याला बदली मिळाली, तीही अटीवर. सहा महिने बघू. त्या काळात तीन शेरे पडले तर माणूस परत आपल्या मूळ डेपोत. ही अट त्यानं बायकोला वाचून दाखवली तेव्हा ती भांडी पुसत होती. ती म्हणाली, "तीन म्हणजे पुष्कळ झाले. तुम्हाला वीस वर्षांत एक पडलाय."

पहिल्या महिन्यातच दोन पडले.

त्याचं झालं असं, की सात नंबरच्या गाडीत घंटी कुणी वाजवत नसे. घंटीची दोरी होती, पण ती कंडक्टरबाईंची, आणि ती गाडी सोडायला. थांबवायला नाही. उतारू आपला थांबा जवळ आला की उठायचा, दाराशी जाऊन दांडा धरून उभा राहायचा आणि गप्प. ड्रायव्हरनं आरशात बघून ओळखायचं. आधीच्या ड्रायव्हरनं बावीस वर्षं असंच ओळखलं होतं. त्याला तर माणूस उठायच्या आधीच कळायचं. लोक त्याचा उल्लेख 'आमचे जुने' असा करायचे, घरातलं माणूस गेल्यासारखा. तो कुठं गेला नव्हता. निवृत्त होऊन घरी बसला होता.

पाहुण्यांच्या गावी उभा असलेला माणूस म्हणजे जागा न मिळालेला माणूस. उतरायचं असेल त्यानं घंटी मारावी, पत्र्यावर थाप मारावी, नाहीतर सरळ हाक द्यावी, अशी तिकडची पद्धत. म्हणून पहिल्या आठवड्यात दाराशी पाच-पाच माणसं मुकाट उभी राहिली आणि हा त्यांना घेऊन पुढं गेला. एकानंही तोंड उघडलं नाही. माणसं पुढच्या थांब्यावर उतरली, मागं चालत गेली आणि सवडीनं डेपोत येऊन तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात लिहून गेली. ओरडणं इथं असभ्य होतं. लिहिणं नव्हतं.

दुसरा शेरा पडला त्या दिवशी त्यानं कंडक्टरबाईंना विचारलं, की तुम्ही तरी सांगायचं होतं. बाई पन्नाशीला टेकलेल्या, कानामागं पेन्सिल, चष्मा दोरीला. गाडीतली प्रत्येक गोष्ट मिनिटासकट कागदावर लिहायच्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्या मनात नसेल थांबायचं."

"आठ दिवस?"

"माणसाच्या कामात आपण कशाला बोलायचं?"

त्या रात्री तो बराच वेळ पंख्याकडे बघत पडला होता. सकाळी उठला तो ठरवूनच. त्याच्या गावच्या ड्रायव्हरांची एक रीत होती: थांबा यायच्या आधी त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव ऐकलं की लोक हलतात, हालचाल झाली की आरशात दिसते. गाडी पूल ओलांडून आली आणि त्यानं खिडकीबाहेर तोंड न करता, समोरच्या काचेकडे बघत हाक दिली, "जुना बाजाऽऽर."

पुढच्या बाकावरच्या माणसानं वर्तमानपत्र खाली केलं. पण दोघं उठून दाराशी आले, आणि गाडी थांबली.

मग त्यानं सगळ्याच थांब्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. पूल, जुना बाजार, शाळा, छापखाना. तिथून डावं वळण, मग लाकडाची वखार, पाण्याची टाकी, आणि शेवटी दवाखाना. प्रत्येकाचं शेवटचं अक्षर ओढलेलं, उचललेलं. लोकांना गंमत वाटली. काही जण तोंडावर रुमाल धरायचे. एक म्हातारे गृहस्थ रोज उतरताना कंडक्टरबाईंना म्हणायचे, "आज गायन बरं झालं." पण थांबे चुकायचे बंद झाले, तक्रारवही कोरी राहू लागली, आणि पाहुण्यांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. हसणारा माणूस निदान ऐकत तरी असतो, असं तो बायकोला म्हणाला.

मुलीचं वेगळं होतं. ती आठ वर्षांची, तिसरीत. इथंच वाढल्यामुळं तिचं बोलणं इथलंच: दोरा तोडल्यासारखं. घरात ती बापाची वाक्यं दुरुस्त करायची, ती सुद्धा प्रेमानं. एका संध्याकाळी मात्र ती पाटी-दप्तर टाकून त्याच्यासमोर उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, शाळेजवळ नका ना ओरडू."

तो ओरडत नव्हता, नाव घेत होता, हे त्यानं सांगून बघितलं. तिनं ऐकून घेतलं. मग हळूच सांगितलं, की मधल्या सुट्टीत गाडी जाते तेव्हा मुली फाटकाशी रांगेनं उभ्या राहतात आणि सगळ्या मिळून "शाळाऽऽ" म्हणतात. मग खूप हसतात. गाडी कोण चालवतं ते त्यांना अजून माहीत नाही.

"तू काय करतेस तेव्हा?"

"मी पण म्हणते," ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा रडवेला झाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं शाळेचं नाव गाळलं. पण एक गाळून बाकीची घ्यायची हे त्यालाच विचित्र वाटू लागलं, आणि आठवड्याभरात त्यानं सगळीच सोडून दिली. आता अडचणही नव्हती. चार महिने झाले होते, आरशात बघायची नजर बसली होती. कोण कुठं उठतं, कोण उठायच्या आधी पिशवी मांडीवरून उचलतं, कोण नुसतं खोकतं, सगळं पाठ झालं होतं. गाडी मुकाट धावू लागली. कंडक्टरबाई एकदा म्हणाल्या, "आता शिकलात." ही त्यांची मोठी शाबासकी होती. डेपोत साहेबांनीही दुरून मान हलवली. दोन महिने तसेच काढायचे, मग कायमचा हुकूम.

सात नंबरला दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या फेरीला एक आजी असायच्या. जुन्या बाजाराला चढायच्या, पाण्याच्या टाकीला उतरायच्या. सडपातळ बांधा, इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत केसांच्या तेलाची बाटली आणि कंगवा. टाकीजवळ त्यांची थोरली बहीण राहायची, अंथरुणाला खिळलेली. आठवड्यातून दोनदा आजी जाऊन तिचे केस धुवायच्या, विंचरायच्या, घटकाभर बसायच्या आणि दोनच्या गाडीनं परत. हे सगळं पाहुण्यांना त्यांनीच सांगितलं होतं. हाक सुरू झाल्यापासून त्या मागचा बाक सोडून ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसायला लागल्या होत्या, आणि इथल्या माणसाच्या मानानं बऱ्याच बोलायच्या.

हाका बंद झाल्यानंतरच्या मंगळवारी त्या चढल्या, नेहमीसारखं हातानं चाचपत पहिला बाक धरला आणि बसल्या. गाडी दोन थांबे गेली. मग त्यांनी कंडक्टरबाईंना विचारलं, "आज ड्रायव्हर बदललाय का?"

पाहुणे त्यांच्यापुढं दीड हातावर होते. आरशात पाहुण्यांचा आख्खा चेहरा होता आणि आजींचाही. आजी सरळ पाहुण्यांकडे बघत होत्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "तेच आहेत."

"मग बोलत का नाहीत?"

बाईंनी उत्तर दिलं नाही, कारण माणसाच्या कामात आपण कशाला बोलायचं. पाहुण्यांनीही दिलं नाही. गियर बदलायचा होता म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण काहीतरी खटकलं. त्यानं आरशात पुन्हा बघितलं. आजींची नजर हलत नव्हती. पास त्यांनी बाईंना दाखवला तो उलटा होता.

त्या दिवशी छापखान्यापुढं रस्ता खणला होता. गाडी वळणाआधी एकदा थांबली, वळल्यावर खडीच्या ढिगापाशी पुन्हा थांबली. वखारीच्या थांब्याआधी खड्ड्यांमुळं गाडी हळू झाली तोच आजी उठल्या, दाराशी आल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या. उतरायला दुसरं कुणी नव्हतं. गाडी थांबली, त्या उतरल्या. पाहुण्यांना वाटलं, आज वखारीत काही काम असेल. विचारावंसं वाटलं, तोंडापर्यंत आलं. पण चार महिन्यांत तो विचारायचं नाही हे शिकला होता. कंडक्टरबाईंनी दोरी ओढली. गाडी निघाली.

टाकीपाशी येईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. आजी वळणानंतरचे थांबे मोजत असणार. खडीच्या ढिगानं एक आकडा वाढवला. गाडी तिथंच वळवून मागं न्यावी असं त्याच्या मनात आलं. पण गाडीत तीस माणसं होती आणि रस्ता अरुंद. दवाखान्याला पोचून परतीच्या फेरीत त्यानं वखारीपाशी नीट बघितलं. थांब्यावर कुणी नव्हतं.

आजी वखारीच्या मागच्या बाजूला, ओंडक्यांच्या दोन रांगांमध्ये, तासाभरानं सापडल्या. पडल्या नव्हत्या, लागलं नव्हतं. एका ओंडक्यावर बसून होत्या. कामगारांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, जरा दमले. त्यातल्या एकानं त्यांच्या मुलाला ओळखलं आणि फोन केला. मुलगा आला, आईला घरी घेऊन गेला, आणि बुधवारी सकाळी तक्रारवहीत अर्धं पान भरून गेला: ड्रायव्हरनं वयस्कर बाईंना भलत्याच थांब्यावर उतरवलं.

तिसरा शेरा. साहेबांनी शुक्रवारी दहा वाजता सगळ्यांना बोलावलं.

मधल्या दोन दिवसांत पाहुण्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, की एक आजी वखारीला उठल्या आणि उतरल्या, त्याची तक्रार आली आहे. ती म्हणाली, "त्या उठल्या म्हणून तू थांबवलीस. इथल्या पद्धतीनं तुझी काय चूक? सरळ सांगून मोकळा हो." रागावली की ती 'तुम्ही'वरून 'तू'वर यायची. तिचं बोलणं चोख होतं. तसंच सांगायचं असं त्यानंही ठरवलं. मग गुरुवारी रात्री मुलीच्या अंगावर पांघरूण घालताना त्याच्या लक्षात आलं, की ते सांगितलं की मुलगा पुढचा प्रश्न आईला विचारणार: तू वखारीला का उठलीस? आणि त्याचं उत्तर बाहेर पडलं की मंगळवार-शुक्रवार संपले. ती पिशवी खुंटीवर लागणार. थोरल्या बहिणीचे केस दुसरं कुणीतरी धुवेल, किंवा कुणी नाही.

दुसरीकडे हे घर होतं. खिडकीत वाळणारे मुलीचे मोजे होते. परत महिन्यातून दोन रात्री.

साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब टेबलामागं. एकीकडे कंडक्टरबाई आपल्या कागदांसह, त्यांच्याशेजारी पाहुणे. समोर आजींचा मुलगा, चाळिशीचा, ऑफिसला उशीर होत असलेला. त्यानं आईचं कोपर धरून तिला बसवलं होतं, आणि त्यात विशेष काही नव्हतं. वय झालेल्या आईला कुणीही तसं धरेल. आजी साहेबांकडे बघत आहेत असं सगळ्यांना वाटत होतं. पाहुण्यांना दिसत होतं, की त्या साहेबांच्या मागच्या लोखंडी कपाटाकडे बघत आहेत.

साहेबांनी तक्रार वाचली आणि मुद्द्यावर आले. "गाडी वखारीला थांबली. या उतरल्या. आता सांगा, तुम्ही कशामुळं थांबवलीत? या उठल्या म्हणून?"

पाहुण्यांनी घसा साफ केला. "नाही साहेब. चूक माझी. मी टाकी समजून वखारीला थांबवली."

"चार महिने गाडी चालवून?"

"रस्ता खणला होता. गोंधळ झाला."

साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग ते कंडक्टरबाईंकडे वळले. बाईंनी चष्मा चढवला, कागद उलटला आणि वाचला. वखार, अकरा वाजून सदतीस मिनिटं, उतरलं एक, चढलं कुणी नाही.

"ड्रायव्हरनं टाकी समजून थांबवली का?"

"ड्रायव्हर काय समजले ते माझ्या कागदात नाही," बाई म्हणाल्या.

त्यांच्या कागदात आणखी एक गोष्ट होती. थांब्याच्या आधी कोण उठलं याची त्या समासात खूण करून ठेवत, तशी ती आजींचीही होती. पाहुण्यांना शेजारून ती खूण अर्धी दिसत होती. बाईंनी तिच्यावर अंगठा ठेवला होता. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच पाहुण्यांना इथलं गप्प बसणं वाचता आलं.

साहेबांनी पेन उघडलं. शेरा म्हणजे दोन ओळी आणि सही. तेवढ्यात आजी बोलल्या.

"यांची चूक नाही. मीच मेली आधी उठले. डोळा लागला होता, गाडी थांबल्यासारखी वाटली आणि उठले. यांनी बिचाऱ्यांनी उतरायचंय समजून थांबवली."

मुलगा चकित झाला. "आई, मला तर तू म्हणालीस की..."

"तुला मी काही म्हणाले नाही. तूच विचारलंस आणि तूच उत्तर दिलंस." आजींनी पदर सारखा केला. "तुझी ती जुनी सवय आहे."

कंडक्टरबाई खोकल्या.

मुलगा म्हणाला, ठीक आहे, पण गाडीत अशी झोप लागत असेल तर एकटीनं जाणं आता बंद करायला हवं. तो रागानं म्हणत नव्हता. आधी त्यानं आईच्या हातावर हात ठेवला होता. पण त्या एका वाक्यानं खोलीतली हवा बदलली. आजींच्या हातातली पिशवी एवढी घट्ट आवळली गेली, की आतली बाटली कंगव्यावर वाजली. त्या आज शुक्रवार म्हणून पिशवी घेऊनच आल्या होत्या.

"आधी कधी नाही चुकले मी," त्या म्हणाल्या. "हे आधी प्रत्येक थांब्याचं नाव घ्यायचे. चांगलं खणखणीत. झोप लागली तरी जाग यायची. मधेच का बंद केलं, ते विचारा त्यांना."

साहेबांनी विचारलं, का बंद केलं.

पाहुण्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "लोक हसायचे, साहेब."

"लोक हसले म्हणून तुम्ही बंद केलंत?"

"लोकांचं काही नाही. माझी मुलगी त्या शाळेत आहे."

मुलानं खाली बघितलं. त्याची स्वतःची मुलगीही बहुधा त्याच शाळेत असावी, गावात दुसरी नव्हती.

साहेब नियमांचे माणूस होते, आणि नियमांच्या माणसाला कोंडीतून बाहेर पडायचा एकच रस्ता माहीत असतो. त्यांनी तक्रारवही मुलापुढं सरकवली. त्यानं 'तक्रार मागे घेतली' असं लिहून सही केली. मग साहेबांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं हुकूम लिहिला, की मार्ग क्रमांक सातवर चालकाने प्रत्येक थांब्याचे नाव थांब्यापूर्वी मोठ्याने व स्पष्ट पुकारावे. 'प्रत्येक'खाली रेघ मारली. "एकही गाळायचा नाही," ते म्हणाले. "आता कुणी हसलं तर मला हसलं."

बाहेर आल्यावर मुलगा ऑफिसला निघाला. आईला अकराच्या गाडीत बसवून द्यायचं का घरी सोडायचं, यावर तो घुटमळला. कंडक्टरबाई म्हणाल्या, "सोडा इथंच. गाडी आमचीच आहे." मग त्याही टाइमकीपरच्या खिडकीकडे गेल्या, आणि डेपोच्या आवारात आजी आणि पाहुणे दोघंच राहिले.

आजी गाडीच्या पत्र्याला हात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कधी कळलं?"

"मंगळवारी. तुम्ही विचारलंत ना, ड्रायव्हर बदललाय का म्हणून."

"उजेड दिसतो अजून. माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण, ते नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "कुणाला बोललात?"

"बायकोला पण नाही."

"तुमच्याकडे अशी गप्प राहतात का माणसं?"

"आमच्याकडे नाही," पाहुणे म्हणाले. "हे इथं शिकलो."

आजी हसल्या. बायको दवाखान्यात आहे, डोळ्यांचं दाखवायचं असेल तर, असं त्यानं चाचरत सुचवलं. आजींनी हात हलवला. दाखवून झालं होतं, दोन ठिकाणी, मुलाला न कळवता. जे जायचं ते गेलं होतं. मुलाला त्या सांगणार होत्या, पण बहीण आहे तोवर नाही. "ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी," त्या म्हणाल्या. "तिला दिसतं, पण उठता येत नाही. मला उठता येतं. चाललंय आमचं."

अकराच्या फेरीला पाहुण्यांनी सगळी नावं घेतली. शाळेपाशी येताना त्यानं आधी फाटकाकडे बघितलं. मधली सुट्टी व्हायला पंधरा मिनिटं होती, मैदान रिकामं होतं. तरी हाक खालच्या पट्टीतच निघाली.

संध्याकाळी त्यानं मुलीला समोर बसवून हुकूम वाचून दाखवला. सरकारी भाषेचा अर्थ सांगितला. तिनं 'प्रत्येक'खालची रेघ बोटानं तपासली.

"म्हणजे शाळा पण?"

"शाळा पण."

ती विचारात पडली. जेवताना बोलली नाही. बायकोनं त्याला डोळ्यांनीच खुणावलं, की राहू दे. झोपायच्या वेळी मुलगी आपणहून म्हणाली, "मी उद्या सांगूनच टाकते. माझे बाबा आहेत म्हणून. कुणी शोधून काढण्यापेक्षा."

"हसतील."

"हसू देत. त्यांच्यापेक्षा मला चांगलं म्हणता येतं ते."

आणि तिनं अंथरुणात बसून म्हणून दाखवलं. खरंच चांगलं होतं. शेवट नेमका त्याच्यासारखा उचललेला. बाप-लेक दोघांनाही हसू आवरेना, तेव्हा बायकोनं दिवा मालवला.

मुली हसल्या, चार-आठ दिवस. फाटकाशी उभं राहून म्हणणं काही थांबलं नाही, मात्र आता ते म्हणताना त्या गाडीकडे हात करायच्या, आणि हात करणाऱ्यांत पुढं कोण असायचं ते त्याला आरशाशिवाय दिसायचं.

सहा महिने भरले तसा कायमचा हुकूम आला. टाइमकीपरनं तो खिडकीतून देताना म्हटलं, "घ्या पाहुणे, आता तुम्ही इथलेच." नाव बदलायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि पाहुण्यांनीही सुचवलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत एका मंगळवारी पाहुण्यांचा घसा पार बसला. शब्द फुटेना. रजा घ्यावी तर बदली ड्रायव्हर नव्हता. हुकमाप्रमाणे नावं पुकारायलाच हवी होती, म्हणून ते काम कंडक्टरबाईंवर आलं. बाईंनी सकाळच्या फेऱ्या आपल्या पद्धतीनं काढल्या: "बाजार. शाळा. छापखाना." प्रत्येक नाव दातानं तोडलेलं. शाळा भरायच्या वेळी फाटकाशी मुली तोंड उघडून उभ्या राहिल्या आणि काहीच न म्हणता आत गेल्या.

अकराच्या फेरीला आजी चढल्या, पहिल्या बाकावर बसल्या. वळण झालं, वखार झाली.

"टाकी," बाई म्हणाल्या.

आजी हलल्या नाहीत.

"आजी, टाकी आली."

"ऐकलं," आजी म्हणाल्या. "पण पाहुणे कुठं आहेत?"

"इथंच आहेत. घसा बसलाय."

"मग तू नीट म्हण. अशी तोडलीस तर मला कसं कळणार, टाकी आली का संपली?"

मागं दोघं-तिघं खुसखुसले. बाईंनी चष्म्यावरून सगळ्या गाडीकडे एकदा बघून घेतलं. आरशात पाहुण्यांना त्यांचे कान लाल झालेले दिसले. मग त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली, समोरच्या काचेकडे नजर लावली आणि शेवटचं अक्षर चांगलं उचलून, समोरच्या टेकडीपर्यंत जाईल अशी हाक दिली:

"पाण्याची टाकीऽऽ."

आजी पिशवी सावरून उठल्या. पाहुण्यांनी गाडी थांब्याच्या फरशीला अगदी लागून उभी केली.